औषध कोणते? त्याआधी विचारा – कशावर?

विद्यार्थिमित्रांनो, पुढे वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करा. स्टीलचे एक ताट आणि एक जुना, कोरडा लाकडी पोळपाट घ्या. दोहोंवर पाण्याचा एकेक थेंब सोडा. ताटावरचा थेंब बराच वेळ तसाच राहील. पोळपाटावरचा मात्र पसरेल आणि हळूहळू लाकडात जिरेल.

आता हा थेंब जंतुनाशकाचा आहे अशी कल्पना करा. जंतुनाशक लागल्याबरोबर सगळे जंतू मरतात असे नाही. त्याला काही वेळ लागतो आणि तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहावा लागतो. गुळगुळीत स्टीलवर हे सहज साधते. लाकूड मात्र द्रव शोषून घेते आणि भेगांत दडलेले जंतू बचावू शकतात. सुरीचे चरे पडलेल्या प्लॅस्टिकच्या फळीचीही तीच गत!

मळ असेल तर अडचण आणखी वाढते. ब्लीचिंग पावडरीतला क्लोरीन मळातल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होतो. जंतूंसाठी फारसा उरत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत अनेक शहरांत रस्त्यांवर जंतुनाशकाचे फवारे मारले गेले. धुळीने भरलेल्या खडबडीत रस्त्यावर त्याचा कितीसा उपयोग होणार? जागतिक आरोग्य संघटनेनेही त्या वर्षी मे महिन्यात सांगितले, की धूळ व कचरा यांमुळे औषध निष्प्रभ होते, म्हणून रस्त्यांवर फवारणी करू नये.

पृष्ठभागाचा स्वतःचाही गुण असतो बरे! त्याच वर्षी प्रयोगशाळेत करोनाचा विषाणू प्लॅस्टिक व स्टीलवर ७२ तासांपर्यंत टिकलेला आढळला. तांब्यावर मात्र ४ तासांनंतर सक्रिय विषाणू सापडला नाही. म्हणून तांब्याचा गडू घासायचा नाही, असे मात्र समजू नका!

माझे मत स्पष्ट आहे. औषधाच्या उग्र वासाला आपण स्वच्छता समजतो, ही चूक आहे. आधी साबण-पाण्याने मळ काढावा, मग गरज असेल तेथेच मोठ्यांनी जंतुनाशक वापरावे आणि बाटलीवर लिहिलेला वेळ पाळावा. पोळपाट घासून उन्हात खडखडीत वाळवावा. चरे पडलेली फळी बदलावी.

“औषध मारले, आता काळजी नको,” असे कोणी म्हणाले, तर नम्रपणे तीन प्रश्न विचारा : कशावर मारले? आधी धुतले होते का? किती वेळ ओले राहिले?