विवाहपूर्व संबंध आणि कायदा

संपादक महाशय,

‘विवाहपूर्व शरीरसंबंध हा गुन्हाच’ असे मागील अंकातील पत्रलेखक ठासून सांगतात. तसे नाही. याच विषयावरील मुलाखतीपायी अभिनेत्री खुशबू यांच्यावर फिर्यादींचा पाऊस पडला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये त्या सगळ्या रद्द केल्या. दोन सज्ञान, अविवाहित व्यक्तींच्या संमतीच्या संबंधात गुन्हा नाही. कोणाला ते पटो न पटो, तो प्रश्न वेगळा. लग्न करायचेच नाही हे मनात ठेवून, लग्नाचे वचन देऊन संबंध ठेवणाऱ्याला मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 खाली 10 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मुलगी अठराच्या आतली असेल तर तिच्या होकाराला कायद्यात किंमत नाही, आणि पत्रलेखक विसरतात ते हे, की मंगळसूत्र घातल्यानेही ती येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालापासून अल्पवयीन पत्नीशी संबंध हाही बलात्कारच आहे. आमच्या मराठवाड्यात ऊसतोडीला निघण्याआधी ‘पोर एकटी कुठं ठेवायची’ म्हणून तिचे लग्न उरकणारे मायबाप आहेत. अब्रूच्या धास्तीने केलेले ते लग्नच बेकायदा. पण त्याच्या पंगतीला प्रतिष्ठित मंडळी हजर!

राहिला पत्रलेखकांचा ‘पाश्चात्त्य खुळा’चा आरोप. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक विषयांवरील मासिक 1927 साली मराठीतच काढले, आणि त्यांच्यावरील अश्लीलतेच्या खटल्यात वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले होते.

अविवाहित स्त्रीलाही कायदेशीर गर्भपाताचा हक्क आहे, हे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. तेवढे तरी पुढील अंकात ठळक चौकटीत छापावे, ही विनंती.

— एक वाचक, औंढा नागनाथ (जि. हिंगोली)