विश्लेषण : सोयाबीनच्या मुळांतील ‘खत कारखान्या’चे कोडे क्ष-किरणांनी कसे सोडवले?

वाशिम जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. पेरणी जवळ आली की खतांचे दर आणि टंचाई यांची चर्चा सुरू होते. मात्र या पिकाला लागणाऱ्या नत्राचा साधारण निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जिवाणू हवेतून मिळवून देऊ शकतात. हे काम करणाऱ्या विकराची, म्हणजेच एन्झाइमची, रचना समजायला शास्त्रज्ञांना अनेक दशके लागली.

गाठीत काय घडते?

हवेत ७८ टक्के नत्र असले, तरी त्याच्या रेणूतील बंध अतिशय घट्ट असतो. युरियासाठी लागणारा अमोनिया तयार करताना कारखान्यात सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या शंभराहून अधिक पट दाब वापरावा लागतो. जिवाणूंमधील ‘नायट्रोजिनेज’ हे विकर तेच काम मातीच्या तापमानात करते. त्याच्या केंद्रस्थानी ७ लोह, १ मॉलिब्डेनम आणि ९ गंधक अणूंचा पुंजका असतो.

क्ष-किरण काय सांगतात?

प्रत्येक धातू ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण शोषतो. शोषणाच्या आलेखातील चढउतारांवरून त्या धातूशेजारी कोणते अणू, किती अंतरावर आहेत हे कळते. १९७८ मध्ये याच पद्धतीने मॉलिब्डेनमभोवती लोह व गंधक असल्याचे दिसले. २००२ मध्ये स्फटिकाच्या अभ्यासातून पुंजक्याच्या मध्यभागी एक हलका अणू आढळला. तो कार्बन, नायट्रोजन की ऑक्सिजन, हा वाद २०११ मध्ये मिटला. लोहाने बाहेर टाकलेल्या क्ष-किरणांचा वर्णपट आणि अधिक स्पष्ट स्फटिकचित्रे या दोन्हींतून उत्तर एकच आले : कार्बन. हे प्रयोग ॲझोटोबॅक्टर या मातीतील जिवाणूच्या विकरावर झाले. सोयाबीनच्या गाठींतील विकरही याच प्रकारचे असते.

भारतात अशी सोय आहे?

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण शोषण वर्णपटाचा अभ्यास करता येतो.

शेतकऱ्याला काय उपयोग?

या विकराची नक्कल करून स्वस्त खत बनवणे अद्याप साधलेले नाही. पण मूळ ‘कारखाना’ शेतात आहेच. तो चालू राहावा यासाठी पेरणीपूर्वी रायझोबियमची बीजप्रक्रिया करता येते. जमिनीत नत्र जास्त झाले की गाठी कमी धरतात. त्यामुळे युरियाचा जादा डोस उलटा पडू शकतो. पीक फुलोऱ्यावर येताना एखादी गाठ कापून पाहावी. आत गुलाबी रंग दिसला तर ती काम करत आहे. हा रंगही लोहयुक्त प्रथिनाचाच.