मैदानाबाहेरून मिळालेली जागा

हँडबॉलच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील जागा यजमान, गतविजेता आणि खंडीय स्पर्धांतून पुढे आलेले संघ यांच्यात वाटल्या जातात. युरोपातील बऱ्याच जागांचा निकाल ‘प्ले-ऑफ’ने, म्हणजे दोन संघांनी एकमेकांच्या देशात एकेक सामना खेळून आणि दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून लागतो. या व्यवस्थेविरुद्धचा पूर्वपक्ष असा की, खंडवार वाटपामुळे दुबळे संघ आत येतात व युरोपातील बलाढ्य संघ घरी बसतात, म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाच्या हाती ‘वाइल्ड कार्ड’, म्हणजे पात्रता न मिळवलेल्या संघाला थेट प्रवेश देण्याचा अधिकार, असला पाहिजे. हा पूर्वपक्ष पोकळ नाही. 2013 मध्ये स्पेनने ऑस्ट्रेलियाचा 51–11 असा धुव्वा उडवला होता.

तथापि या अधिकाराचे खरे रूप 2014 मध्ये उघड झाले. जूनमधील प्ले-ऑफमध्ये जर्मनीचा संघ पोलंडकडून ग्दान्स्क येथे 24–25 आणि माग्डेबुर्ग येथे, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, 28–29 असा हरला. जुलैमध्ये, ओशनियाच्या खंडीय महासंघाला मान्यता नाही या कारणावरून ऑस्ट्रेलियाची जागा काढून घेण्यात आली आणि ती जर्मनीला देण्यात आली. युरोपच्या राखीव क्रमात पहिला असलेला आइसलँड मात्र डावलला गेला. 2013 च्या स्पर्धेतील जर्मनीचा पाचवा क्रमांक हा या निर्णयाचा आधार म्हणून सांगितला गेला. पण तो क्रमांकच जर पुरेसा होता, तर जूनमधील ते दोन सामने खेळवले तरी कशासाठी, याचे उत्तर त्या आधारात सापडत नाही.

जर्मनीने 2015 मध्ये कतारला जाऊन त्याच पोलंडला 29–26 असे हरवले व सातवा क्रमांक मिळवला, म्हणून निवड योग्यच ठरली, असेही म्हटले जाते. हा युक्तिवाद टिकत नाही, कारण जर्मनीच्या ताकदीविषयी वाद नव्हताच. वाद एवढाच होता की ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नियमाने गमावलेली जागा बैठकीत परत मिळावी काय. (पोलंडने त्या स्पर्धेत कांस्यपदक जिंकले, हेही येथे नोंदवणे न्याय्य होईल.)

खंडवार वाटपाचे मंडन करताना महिलांच्या स्पर्धेचा इतिहास विशेष बोलका ठरतो. पुरुषांचे अजिंक्यपद आजवर युरोपाबाहेर गेलेले नाही, परंतु महिलांमध्ये 1995 साली दक्षिण कोरियाने अंतिम सामन्यात हंगेरीला नमवले, आणि 2013 साली बेलग्रेडमध्ये ब्राझीलने यजमान सर्बियाला 22–20 असे हरवून विजेतेपद मिळवले. ब्राझीलच्या महिला या स्पर्धेत प्रथम उतरल्या त्या 1995 मध्ये, आणि तेव्हा त्या तळाच्या संघांत होत्या; केवळ तत्कालीन बळ पाहून जागा दिल्या असत्या, तर त्यांना युरोपीय संघांशी वर्षानुवर्षे खेळून शिकण्याची संधी कशी मिळाली असती? म्हणून जागा खंडांना आधीच नेमून द्याव्यात, आणि एखादी रिकामी झालीच, तर पहिला सामना खेळण्यापूर्वी जाहीर केलेल्या राखीव क्रमाने ती भरावी.