बिलावर पूर्ण मॉडेल नंबर लिहा

‘आय-सेव्हन, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी’ अशी वीस हजारांच्या आतली जाहिरात शहादा-तळोद्याच्या पोरांच्या मोबाइलवर सतत फिरत असते. शहाद्यात माझं कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे असे डबे उघडून बघणं हे माझं नेहमीचं काम. जाहिरातीतला एकेक शब्द तपासला तर खोटा ठरत नाही. तरीही हा व्यवहार फसवणुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅबिनेटची बाजू उघडली की आत बहुतेक वेळा आय-सेव्हन 2600 निघतो. इंटेलने हा प्रोसेसर जानेवारी 2011मध्ये बाजारात आणला. चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड म्हणजे जीटी 730, मूळचं 2014चं. रॅम डीडीआर-थ्री. ‘आय-सेव्हन शे ना भाऊ, मग गेम का अडकस?’ असं पोरं विचारतात, तेव्हा मी त्यांना 2022मध्ये आलेला आय-थ्री 12100एफ दाखवतो. कोर दोघांचेही चारच, थ्रेड दोघांचेही आठच, पण हा आय-थ्री त्या आय-सेव्हनच्या कितीतरी पुढे पळतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी त्याचे दात बघतो. प्रोसेसरचे दात म्हणजे पुढचा आकडा. 2600मधला 2 म्हणजे दुसरी पिढी, 12100मधले 12 म्हणजे बारावी.

वयाचा फटका नुसत्या वेगाला बसत नाही. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10चा आधार मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025ला थांबवला. जुगाड करून विंडोज 11 टाकलं, तरी व्हॅलोरंटसारखा गेम त्यावर टीपीएम 2.0 आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. जुन्या बोर्डात त्या नसतात. म्हणजे ज्या गेमसाठी पोराने हट्ट धरला, तोच उघडत नाही.

सध्या हा सापळा जास्त घट्ट झालाय, कारण नवी रॅम महागली. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचा माल वळला आणि 2025च्या अखेरीस भाव झपाट्याने चढले. मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात आपला क्रुशल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी डीडीआर-थ्रीचा जुना डबा स्वस्त दिसतो आणि पपईचा किंवा मिरचीचा पैसा हातात आलेला बाप म्हणतो, चला, पोराचं मन राखू.

बजेट तोकडं असेल तर मी ग्राफिक्स कार्ड सध्या घेऊच नका म्हणतो. राइझन 5 5600जी हा सहा कोरचा प्रोसेसर 2021चा आहे, त्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे, आणि ते जीटी 730पेक्षा सरस आहे. मात्र रॅम 16 जीबीची एक पट्टी न घेता 8-8च्या दोन घ्याव्यात. हे ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन पट्ट्या असल्या की त्याला दुहेरी वाट मिळते आणि गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो. व्हॅलोरंट आरामात चालतो, जीटीए फाइव्ह सेटिंग उतरवून चालतो. पुढच्या हंगामात पैसे आले की आरएक्स 6600सारखं कार्ड बसवता येतं. अहिराणी आणि आदिवासी गाण्यांचे व्हिडिओ करणारी आपल्याकडची कितीतरी पोरं अशाच मशीनवर एडिटिंग करतात. म्हणून गेमिंग कॉम्प्युटर म्हणजे पैशाची नासाडी, हे मला मान्य नाही.

पण पुढे कार्ड बसवायचं तर आजच नीट बघायची वस्तू म्हणजे मशीनला वीज पुरवणारा एसएमपीएस. यावर कोणी बोलत नाही, कारण तो स्क्रीनवर दिसत नाही. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत 450 छापलेलं असतं. तिकडे लक्ष देऊ नका. लेबलवर 12 व्होल्टच्या रकान्यातला अँपिअरचा आकडा शोधा आणि त्याला बाराने गुणा. तिथे 16 असेल तर हाती फक्त 192 वॅट. आरएक्स 6600 एकटं 132 वॅटपर्यंत खातं, 5600जी भरात आला की ऐंशीच्या पुढे जातो. गणित तिथेच तुटतं, आणि तुटताना कधीकधी बोर्डही घेऊन जातं.

त्याच लेबलवर इनपुटचा आकडाही वाचा. काही एसएमपीएसवर 200-240 व्होल्ट असतं, काहींवर 100-240. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की ज्यांच्या घरचे बल्ब मिणमिणतात, त्यांनी 100-240वालाच घ्यावा. ‘80 प्लस’ची खूण चांगली, पण ती किती वीज वाया जाते एवढंच सांगते. संरक्षणाची हमी तीत नाही.

आणि अर्थिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार घेऊन लोक मशीन उचलून आणतात. माझ्या टेबलावर काहीच होत नाही, कारण दोष घरच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकात असतो, त्याला तारच नसते. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून येणारी बारीक गळती जमिनीत जायला वाट मिळत नाही, मग ती पत्र्यावर थांबते. रंगीत दिव्यांचे पंखे घेण्याआधी वायरमन बोलवा आणि अर्थिंगचा खड्डा करून घ्या. पंखे लागतातच, मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो. पण समोरून काच असलेलं कॅबिनेट हवा अडवतं. समोर जाळी आणि धूळ अडवणारा फिल्टर असलेलं साधं कॅबिनेट इथे जास्त टिकतं.

आता माझ्याच व्यवसायबंधूंना सांगायचं ते. जुना माल विकण्यात गैर काही नाही, मीही विकतो. पण बिलावर ‘आय-सेव्हन पीसी, एक नग’ एवढंच लिहिणं बंद करा. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कार्ड, एसएमपीएस, प्रत्येकाचा पूर्ण मॉडेल नंबर, सीरियल नंबर, आणि वस्तू नवी की वापरलेली, हे लिहा. गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, बिल नको, 18 टक्के जीएसटी वाचू दे. त्याला त्याच क्षणी सांगायला हवं की नव्या प्रोसेसरवर सहसा तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि सुरतला किंवा नाशिकला पार्ट परत पाठवायचा तर सीरियल नंबर आणि बिल दोन्ही मागतात. आज वाचलेले 18 टक्के उद्या पूर्ण प्रोसेसरच्या किमतीत जाऊ शकतात.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 याबाबत नि:संदिग्ध आहे. वापरलेली किंवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि बिल न देणंही त्यातच मोडतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. पण बिलावर नुसतं ‘आय-सेव्हन’ असेल, तर कोणता आय-सेव्हन सांगितला होता, हे आयोगापुढे सिद्ध करायला कागदच उरत नाही. म्हणून पैसे देण्याआधी कच्चं बिल मागा आणि त्याचा फोटो ओळखीच्या जाणकाराला पाठवा. कोणी दुसऱ्या दुकानाचं कच्चं बिल घेऊन माझ्याकडे आलं, तरी मी ते ओळीनं वाचून समजावून देतो. त्याचे पैसे घेत नाही.