साल म्हणजे वय नव्हे
मराठी अनुवादांत ‘विंटेज वाइन’ हटकून ‘जुनी, मुरलेली दारू’ होते. मीही हे पाप केलं आहे. एका कादंबरीत यजमान नावडत्या जावयापुढे १९६३ची बोर्दो ठेवतो. मी ‘मुरलेली’ लिहिलं आणि अपमानाचा पाहुणचार झाला.

विंटेज म्हणजे द्राक्षं खुडली ते साल. बोर्दोचं १९६१ नावाजलेलं, १९६३ पावसाने नासलेलं, १९८२ पुन्हा उत्तम. मग वयाने थोरलं असून १९६३ला कोण विचारतो? जाणकार एकाच बागेची निरनिराळी सालं शेजारी ठेवून चाखतात, ते त्या त्या वर्षीचं ऊन-पाऊस ओळखायला.

यात मराठीला परकं काय आहे? नाशिकचा बागाईतदार ऑक्टोबर छाटणीपासून हंगामाचाच हिशेब मांडतो. आमच्या जबलपूरच्या आसपास मोह वेचणाऱ्याला विचारा, यंदाचं फूल गेल्या सालासारखं का नाही ते तो सांगेल. शब्दाला अडतो तो पदवीधर अनुवादकच. ‘मुरलेली’ लिहून तो एका वर्षाचं सगळं हवामान पुसून टाकतो.

मुरायला लोणचं आहे, महाशय. वाइनपुढे नुसतं साल लिहा आणि ते कसं होतं हे आधी शोधा.