शीतनिद्रेचा धडा

थंडी ही प्राण राखणारी की प्राण हरण करणारी, असा प्रश्न कोणी विचारला तर बहुतेक लोक विचार न करताच दुसऱ्या बाजूने कौल देतील. गारठ्याने माणसे दगावल्याच्या वार्ता आपण दर हिवाळ्यात वाचतो. परंतु अवयव-प्रत्यारोपणाच्या क्षेत्रात हीच थंडी कित्येक दशके रुग्णांची तारणहार ठरली आहे. आणि नवलाची गोष्ट ही की, ज्या अवयवाला ती जगवते त्यालाच ती इजाही करते. या दुहेरी स्वभावाचा उलगडा करण्यास शीतनिद्रा घेणारे प्राणी शास्त्रज्ञांना साह्य करीत आहेत. त्यांच्यापासून घेण्याचा खरा धडा थंडीचा नसून पूर्वतयारीचा आहे, असे आमचे मत आहे.

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे व त्यांचे सहकारी यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावाच्या शरीरात बसवले. दाता आणि रुग्ण एकाच रुग्णालयात असल्यामुळे अवयव फार काळ बाहेर ठेवावा लागला नाही. पुढे मृत दात्यांचे अवयव मिळू लागले, दाता एका गावी व रुग्ण दुसऱ्या गावी असे होऊ लागले, आणि मधला वेळ कसा काढावा हा प्रश्न उभा राहिला. १९६९ मध्ये कॉलिन्स यांनी, आणि १९८० नंतरच्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर व साउथर्ड यांनी त्यासाठी विशेष द्रावणे सिद्ध केली. अवयवातील रक्त अशा थंड द्रावणाने धुऊन काढावयाचे, तो निर्जंतुक पिशवीत घालावयाचा आणि बर्फाच्या पेटीत सुमारे ४ अंश सेल्सियसला ठेवावयाचा, ही पद्धत आजही सर्वत्र रूढ आहे. परंतु तिची मुदत अल्प आहे. हृदय व फुप्फुसे चार ते सहा तास, यकृत सुमारे बारा तास, मूत्रपिंड चोवीस ते छत्तीस तास. त्यापलीकडे अवयव हाती असूनही उपयोगाचा राहत नाही.

असे का व्हावे? रक्ताचा पुरवठा तुटताच पेशी उपाशी पडतात. तापमान दहा अंशांनी उतरले की पेशींतील व्यवहार निम्म्यावर किंवा एक-तृतीयांशावर येतात. समईत तेल थोडे उरले असता आपण वात मागे सारतो, तसेच हे आहे. परंतु वात मागे सारल्याने इतर काही कामेही मंदावतात. पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर टाकणारे जे पंप असतात, ते थंडीने जवळजवळ थांबतात. मग सोडियम व त्यामागोमाग पाणी आत शिरून पेशी फुगते. पेशीचा आकार सावरून धरणाऱ्या सूक्ष्म नलिका मोडून पडतात. अवयव नव्या शरीरात जोडला जाऊन रक्त पुन्हा वाहू लागले की एकाएकी मिळालेला प्राणवायूही घातक ठरतो. बरे, तापमान शून्याखाली न्यावे, तर बर्फाचे स्फटिक तयार होतात. गोठलेला टोमॅटो वितळल्यावर कसा लिबलिबीत होतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे.

आता निसर्गाकडे पाहा. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात जमिनीत बिळे करून राहणारी एक खार आहे. ती वर्षातील सात-आठ महिने निद्रिस्त असते. अलास्कातील संशोधक ब्रायन बार्न्स यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की, या काळात तिच्या शरीराचे तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरते, तरी तिचे रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती आपोआप उबदार होते आणि काही तासांनी पुन्हा थंड होते. उत्तर अमेरिकेतील वनबेडकाची तऱ्हा याहून अद्भुत आहे. त्याच्या शरीरातील सुमारे दोन-तृतीयांश पाण्याचे बर्फ होते, हृदय थांबते, आणि वसंतात तो पुन्हा उड्या मारू लागतो. मात्र हे दोघेही थंडीस अवचित सामोरे जात नाहीत. खार उन्हाळाभर चरबी साठवते. बेडूक शरद ऋतूत यकृतात साखरेचा साठा करून ठेवतो, आणि कातडीला बर्फ लागताच ती साखर सर्व अवयवांत धाडून पेशींचे रक्षण करतो.

हे केवळ कौतुकाचे विषय राहिलेले नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तेरा पट्ट्यांच्या खारीच्या पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मानवी मज्जापेशींतील सूक्ष्म नलिका थंडीत मोडतात, खारीच्या टिकतात, असे त्यांना आढळले; आणि योग्य औषधे आधीच दिल्यास मानवी पेशींनाही बऱ्याच अंशी ती सहनशक्ती येते, असेही दिसले. २०१९ मध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी मानवी यकृते संरक्षक द्रव्यांनी आधी सिद्ध करून उणे ४ अंशांवर, बर्फ होऊ न देता, ठेवली आणि त्यांचे शरीराबाहेरील आयुष्य २७ तासांनी वाढवले. ती यकृते कोणा रुग्णास बसवली गेली नव्हती, हे खरे. परंतु दिशा स्पष्ट आहे.

काहीजण म्हणतील, खार ती खार आणि माणूस तो माणूस. तिच्या झोपेचा अभ्यास करण्यात पैसा व आयुष्य का वेचावे? हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. बर्फाळ बिळातील खारीचे तापमान मोजणाऱ्यास त्याचा व्यावहारिक उपयोग काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर त्याला सरळ उत्तर देणे अवघड गेले असते. ज्ञानाची विहीर तहान लागण्यापूर्वी खणावी लागते. ज्या समाजात निरुपयोगी वाटणाऱ्या जिज्ञासेची थट्टा होते, त्या समाजाला संकटाच्या घडीला दुसऱ्यांच्या विहिरीवर जावे लागते.

हाच धडा प्रयोगशाळेबाहेर आपणा सर्वांनाही लागू आहे. आमच्या इंदूर शहराने रस्ते मोकळे ठेवून बर्फाच्या पेट्या विमानतळापर्यंत वेगाने पोहोचवल्याची उदाहरणे घडवली आहेत, आणि त्याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. परंतु पेटी निघण्यापूर्वी आणखी एक वेळ जातो, तो संमतीचा. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा ४ फेब्रुवारी १९९५ पासून गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांत प्रथम अमलात आला. तेव्हापासून आजवर, मेंदू मृत झालेल्या व्यक्तीच्या आप्तांना हा प्रश्न दुःखाच्या पहिल्या आवेगातच विचारावा लागतो. ज्या घरात हा विषय पूर्वी कधी निघालाच नाही, त्या घराने त्या क्षणी काय उत्तर द्यावे? कित्येकदा नकार मनातून आलेला नसतो. गेलेल्या माणसाची इच्छा कोणासच ठाऊक नसते, एवढेच त्याचे कारण असते. कोणत्याही द्रावणाने हा गेलेला वेळ परत मिळत नाही.

आमचे बहुतेक वाचक अठरा वर्षांच्या आतील आहेत. अवयवदानाचे संकल्पपत्र भरण्यास त्यांना अद्याप अवकाश आहे. पण रात्रीच्या जेवणाच्या वेळी आईवडिलांपुढे आणि आजीआजोबांपुढे हा विषय काढण्यास वयाची अट नाही. कोणी भिऊन गप्प बसतील, कोणी अशुभ म्हणून रागावतील. तरीही विषय काढावा, असा आमचा आग्रह आहे. खार चरबी साठवते ती हिवाळा आल्यावर नव्हे, उन्हाळ्यात. आणि आपले घर आज उन्हाळ्यात आहे.