काठाची निगा, ज्येष्ठांची काळजी

1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणात भीमेतून पुणे परिसराचे सांडपाणीही येते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर गाळ आणि शेवाळ उरते. तेथे पाय घसरल्यास उतारवयात खुब्याचे हाड मोडू शकते. हिरवट झालेले पाणी पिऊ नये. उकळूनही शेवाळातील विष नाहीसे होत नाही.

काठाच्या निगेसाठी पैसा कोठून आणावा? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातील 60 टक्के वाटा स्वच्छता व पिण्याच्या पाण्यासाठी राखला. अशा निधीतून सफाई आणि उरलेल्यातून कठडा, दिवे यांसाठी दरवर्षी तरतूद व्हावी, असा विषय ग्रामसभेत मांडावा. कुटुंबीयांनी ज्येष्ठांना तेथे आवर्जून न्यावे.